क्लोरीनचे सासरचे नाव

रासायनिक संयुगांना नावे देण्याचे नियम शाळेत पाठ केले नाहीत असा मराठी माणूस सापडणे कठीण, आणि ते लक्षात राहिले आहेत असा सापडणे त्याहून कठीण. ‘सल्फाईड, सल्फाईट, सल्फेट’ हे आम्ही आरतीच्या कडव्यासारखे म्हणत असू. अर्थ विचारायचा नाही आणि चाल चुकवायची नाही. आमच्या वेळची मूलके आता आयन म्हणवून घेतात, एवढाच काय तो फरक. पोरांचे चेहरे तेव्हाही असेच पडत.

आमच्या नातीचा चेहरा असाच पडला होता, म्हणून आमच्या ताईने तिला शिकवायला घेतले. ताईने पुण्याच्या एका शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले आणि भाऊजी गेल्यावर ती आमच्याजवळ नाशिकला, गंगापूर रोडला राहायला आली. तिची शिकवण्याची रीत साधी. संयुग म्हणजे लग्न. सोडियमरावांनी एक इलेक्ट्रॉन द्यायचा, क्लोरीनबाईंनी तो ओटीत घ्यायचा. लग्नपत्रिकेत धन आयनाचे नाव आधी, ऋण आयनाचे नंतर. धनाचे नाव जसेच्या तसे. ऋणाचे शेपूट कापून तिथे ‘आईड’ लावायचे. झाले सोडियम क्लोराईड.

“म्हणजे सोडियमचं नाव बदलत नाही आणि क्लोरीनचं बदलतं?” नातीने विचारले.

“नियमच आहे तसा.”

“पण ताईआजी, बदलले तर दोघंही ना?”

ताईने चष्मा काढून पुसला. तीस वर्षांत तिला हा प्रश्न कुणी विचारला नसावा. विचारला असेल तर त्या विद्यार्थ्याला शिक्षकदिनी बोलावून नारळ द्यायला हवा होता.

कारण प्रश्न बिनतोड आहे. सोडियमचा तुकडा पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरीन हा असा विषारी वायू की १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी तो सोडला आणि माणसे घुसमटून मेली. आणि या दोन आडदांडांचा संसार म्हणजे आपल्या आमटीतले मीठ. सोडियमराव आता पेट घेत नाहीत, क्लोरीनबाई कुणाचा जीव घेत नाहीत. दोघांचाही स्वभाव मुळापासून पालटला. पण वहीत बदलाची नोंद एकीच्याच नावावर. सोडियमराव लग्नाआधी सोडियम, लग्नानंतरही सोडियम. फार तर पुढे ‘आयन’ लावायचे, म्हणजे आपल्याकडे ‘श्री.’चे ‘श्री. व सौ.’ होते तसे.

आता नियमच नकोत असे मात्र कुणी म्हणू नये. पूर्वी नियम नव्हते, तेव्हाची नावे पाहा. हिराकस म्हणजे हिरा नव्हे, मोरचुदात मोर नाही, आणि नवसागर पाहून कुणाला पोहायची इच्छा झाल्याचे ऐकिवात नाही. कानाला गोड खरी. आमच्या जिल्ह्यातला द्राक्षबागायतदार अजूनही शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना असेच बोर्डो मिश्रणाचे माप सांगतो. ‘कॉपर सल्फेट पेंटाहायड्रेट’ म्हणेपर्यंत वेलीवर केवडा पसरायचा. पण मोरचूद हे नाव ऐकून आत तांबे आहे हे परक्या माणसाला कळायची सोय नाही. ही सोय व्हावी म्हणून १७८७ साली लाव्हाझिए आणि त्याच्या तिघा स्नेह्यांनी पॅरिसमध्ये नावांचे पुस्तकच काढले. नावावरून पदार्थाची घडण कळली पाहिजे, असा त्यांचा आग्रह. गंमत म्हणजे त्याच लाव्हाझिएने ‘ऑक्सिजन’ हे नाव दिले, त्याचा अर्थ ‘आम्ल जन्माला घालणारा’. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच अशी त्याची खात्री होती. पुढे डेव्हीने दाखवून दिले की हायड्रोक्लोरिक आम्लात तो औषधालाही नाही. पण नाव चिकटले ते चिकटले. या बाबतीत आपला ‘प्राणवायू’ बरा. निदान खोटे तरी बोलत नाही.

आणि एका अक्षराने काय होते हे नाशिककरांना सांगायला नको. आमच्या घरापासून आनंदवली जवळच आहे. राघोबादादांच्या आनंदीबाईंवरून या गावाला नाव पडले असे सांगतात, आणि याच आनंदीबाईंनी ‘धरावे’चे ‘मारावे’ केले असेही सांगतात. १७७३ साली नारायणराव पेशवे शनिवारवाड्यात मारले गेले हे खरे. ‘ध’चा ‘मा’ खरोखर कुणी केला ते देव जाणे. रसायनशास्त्रात मात्र ‘ध’चा ‘मा’ कुणीही करू शकतो. पोटाचा एक्स-रे काढताना रोग्याला बेरियम सल्फेट पाजतात. ते पाण्यात विरघळत नाही, आले तसे निघून जाते. त्याऐवजी कुणी बेरियम सल्फाईड पाजले तर ते विष. तेव्हा शेपटांचे नियम हवेतच.

माझी अडचण निराळी आहे. क्लोराईडला हाक मारली तर ते ओ देत नाही. माणूस देतो.

ताईचे माहेरचे नाव नदीचे होते, आणि नाशिकच्या मुलीचे म्हटल्यावर कोणत्या नदीचे ते सांगायला नको. १९६७ साली लग्नात भाऊजींनी ताटात तांदूळ पसरून अंगठीने लक्ष्मीचे एक नाव लिहिले, आणि मांडवातून नदी बाहेर पडली ती लक्ष्मी होऊन. भाऊजी सज्जन गृहस्थ. त्यांना स्वतःला त्या नावाची हौस होती असेही नाही. त्यांच्या आईने सुचवले, त्यांनी लिहिले. नियम असेच पाळले जातात. पण ताईची एस.एस.सी. आणि बी.एस्सी. दोन्ही नदीच्या नावावर, नोकरी लक्ष्मीच्या नावावर. निवृत्तीच्या वेळी एका कार्यालयातल्या कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारले, “या बी.एस्सी. झालेल्या बाई कुठे आहेत?”

“मीच.”

“तसं नाही चालत. त्यांना घेऊन या.”

शेवटी मी माझीच, असे ताईने स्टँपपेपरवर लिहून दिले. क्लोरीनला हा त्रास नाही. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की तो पुन्हा क्लोरीन होऊन बाहेर पडतो, कुणी प्रतिज्ञापत्र मागत नाही.

नियम बदलत नाहीत असेही नाही. फेरस-फेरिकच्या गोंधळाला कंटाळून रसायनवाल्यांनी कंसात रोमन आकडे घातले. आपल्या राज्य सरकारनेही ठरवले, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या नावात आधी बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव. उत्तम झाले. विवाहित स्त्रीच्या नावापुढे नवऱ्याचे नाव ही रीत मात्र तशीच ठेवली. मी हे ताईला वाचून दाखवले, तर म्हणाली, “पोराच्या नावात आई आली, छान. पण आईचं कुठलं नाव? तांदळातलं की पाळण्यातलं?”

मी पेपरची घडी घातली.

मागच्या दिवाळीत आम्ही रविवार कारंजाकडे पणत्या घ्यायला गेलो होतो. गर्दीतून कुणीतरी खणखणीत आवाजात नदीच्या नावाने हाक मारली, तीही अर्धी तोडून, लहान मुलीला मारतात तशी. भाऊजी गेल्यापासून ताईला कमी ऐकू येते, निदान मला तरी तसे वाटत होते. ती गर्रकन वळली. समोर एक काठी टेकत आलेल्या आजी. शाळेत एका बाकावर बसत म्हणे. ताईनेही त्यांना त्यांच्या जुन्या नावाने हाक मारली, आणि मग दोघी भररस्त्यात पणतीवाल्याच्या पाट्या अडवून अर्धा तास बोलत उभ्या राहिल्या. मधेच फोन नंबर घ्यायची वेळ आली. त्या आजींनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “तूच घाल रे नंबर.” मी विचारले, “कुठल्या नावाने ठेवू?” दोघींनी एकदमच सांगितले. आधार कार्डावर दोघींपैकी एकीचेही ते नाव नाही.