न विचारता सांगितलेला पत्ता

नागपूरच्या नंदनवन भागातल्या कुठल्याही छतावरून सकाळी वर पाहिलं, तर फार उंचावरून जाणारं एखादं विमान दिसतंच. ते इथल्या सोनेगाव विमानतळावर उतरणारं नसतं. दिल्लीहून दक्षिणेकडे किंवा मुंबईहून पूर्वेकडे निघालेलं असतं. नागपूर या वाटांच्या चौकातच वसलंय. १९४९ मध्ये रात्रीचं हवाई टपाल सुरू झालं, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री इथेच भेटायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परतायची. आज बहुतेक विमानं न थांबता जातात, पण मुकाट्याने जात नाहीत.

जमिनीवरच्या रडारने विचारायचं आणि विमानाने उत्तर द्यायचं, ही जुनी रीत अजूनही चालू आहे. ‘एडीएस-बी’ या पद्धतीत मात्र कुणी विचारायची गरजच नाही. विमान उपग्रहांच्या मदतीने आपली जागा ठरवतं आणि सेकंदाला साधारण दोनदा, १०९० मेगाहर्ट्झवर, ती जाहीर करतं. संदेश अवघा ११२ बिटांचा. विमानाचा क्रमांक, उंची, ठिकाण. भारतात नोंदलेल्या विमानाचा क्रमांक ८ ने सुरू होतो. या संदेशाला कुलूप नाही. कंट्रोल टॉवर असो, शेजारून जाणारं विमान असो, की केडीके कॉलेजच्या मागच्या गल्लीतली अकरावीतली मुलगी, सगळ्यांना तो सारखाच ऐकू येतो. मला याचं फार मोल वाटतं. एवढ्या माणसांचे जीव ज्या व्यवस्थेवर विसंबून आहेत, तिचा एक मोठा आधार ‘मी इथे आहे’ हे सर्वांना उघडपणे सांगणं हा आहे.

आणि ते ऐकायला मोठं भांडवल लागत नाही. टीव्ही पाहण्यासाठी विकल्या जाणाऱ्या पेनड्राइव्हएवढ्या डोंगलमधली चिप टीव्हीखेरीज इतर लहरीही पकडू शकते, हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींनी जगभर पसरवलं. साल्वातोरे सान्फिलिप्पो या इटालियन प्रोग्रामरने विमानांचे हे संदेश उलगडणारं ‘डम्प१०९०’ हे सॉफ्टवेअर लिहून सगळ्यांना फुकट दिलं. घरात जुना लॅपटॉप असेल तर दोन-चार हजारांत काम भागतं. अँटेना तर घरीच होते. या लहरीची लांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर, तिचा चौथा हिस्सा जेमतेम सात. तेवढी एक तांब्याची तार उभी, आणि तेवढ्याच चार तारा खाली तिरक्या वाकवलेल्या. पुस्तकात वाचलेली तरंगलांबी अशी पट्टीने मोजून, पक्कडीने कापावी लागते, तेव्हाच ती खरी कळते.

लांब केबलचा मोह मात्र टाळावा. केबल टीव्हीच्या साध्या वायरीत पंधरा मीटरमध्ये जवळजवळ निम्मा सिग्नल जिरतो. म्हणून डोंगल अँटेनाजवळच ठेवायचं, पण सावलीत. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात ते उघड्यावर टिकणार नाही.

ही लहर सरळ जाते, इमारतीला वळसा घालत नाही. त्यामुळे महागड्या यंत्रापेक्षा मोकळं आकाश जास्त कामाचं. दहा किलोमीटर उंचीवरचं विमान, आड काही नसेल तर, चारशे किलोमीटरवरूनही ऐकू येऊ शकतं. म्हणजे जबलपूर आणि रायपूरही या छताच्या आवाक्यात. उतरणारं विमान मात्र शेवटच्या टप्प्यात घरांआड जातं आणि पडद्यावरून नाहीसं होतं, मग ते सोनेगावइतकं जवळ का असेना.

काही विमानं आपला क्रमांक सांगतात, ठिकाण सांगत नाहीत. तीही सापडतात. एकच संदेश वेगवेगळ्या जागी किती अंतराने पोचला, त्या वेळेच्या फरकावरून त्यांची जागा काढता येते. पण एका घराला ते जमणारं नाही, साधारण चार ठिकाणचे कान लागतात आणि ते एकमेकांपासून दूर हवेत. एक छत नंदनवनात, दुसरं कामठीला, तिसरं उमरेडला, चौथं वर्ध्याला. कुणीतरी आधी आपली अँटेना लावायला हवी.