धुऊन घेणे, धुऊन देणे

परक्या भाषेच्या पहिल्या पुस्तकात दिनचर्येचा धडा हमखास असतो. उठणे, तोंड धुणे, आंघोळ, कपडे, न्याहारी, रात्री निजणे. रोज करतो तेच सांगायचे म्हणून तो सोपा समजला जातो. पण जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिश शिकणारा मराठी विद्यार्थी नेमका इथेच अडखळतो. त्या भाषांत 'धुणे' म्हटले की कर्म हवेच. काय धुतले? भांडी, मूल, गाडी? स्वतःचे अंग धुतले असेल तर 'मला', 'तुला' अशा अर्थाचे इवलेसे सर्वनाम क्रियापदाला जोडावे लागते. जर्मन माणूस म्हणतो 'इश वाशं मिश', स्पॅनिश माणूस म्हणतो 'मे लावो'. ही आत्मवाचक क्रियापदे.

मग वहीत भाषांतर उतरते, 'मी स्वतःला धुतो'. असे मराठीत कोणी बोलत नाही. आपण स्वतःला सावरतो, स्वतःला दोष देतो, कामात स्वतःला विसरतो. 'स्वतःला' आले की काहीतरी विशेष घडते आहे हे मराठी कानाला कळते. रोजच्या आंघोळीत तसे विशेष काही नसते. त्यामुळे विद्यार्थ्याला वाटते, ही माणसे प्रत्येक लहानसहान गोष्टीत 'मी, मला' का आणतात? आणि नियम पाठ करून तो पुढे सरकतो.

खरे तर फरक उलट्या बाजूने पाहिला की उलगडतो. मराठी 'स्वतः'ला गृहीत धरते आणि दुसऱ्याची खूण करते. 'आंघोळ केली' म्हटल्यावर कोणाची असे कोणी विचारत नाही. दुसऱ्याची असेल तर 'आंघोळ घातली'. जेवला, पण जेवू घातले. निजला, पण निजवले. उठली, पण उठवले. हात धुतले, केस विंचरले, तर ते आपलेच. युरोपातल्या या भाषांत कितीतरी क्रियापदे मुळात दुसऱ्याकडे, बाहेरच्या वस्तूकडे निघालेली असतात आणि ती आपल्याकडे वळवायला सर्वनाम लागते. नियम देण्याआधी शिक्षकाने एवढे सांगितले तरी निम्मी अडचण सरते.

उरलेल्या निम्म्यासाठी गोंदियाकडच्या घरातली सकाळ ऐकावी. धानाच्या रोवण्याचे दिवस आहेत, आईला उजाडता उजाडता बांधीवर पोचायचे आहे. पदर खोचता खोचता ती थोरलीला सांगते, "आंग धुऊन घे, अन् धाकटीले वेनी घालून दे." झाडीबोलीतल्या या एका वाक्यात आत्मवाचक क्रियापदाचा सगळा धडा आहे. थोरलीची क्रिया 'घे' वर संपते, धाकटीसाठीची 'दे' वर. शिजवून घे, शिजवून दे. लिहून घे, लिहून दे. पाणी भरून घे, भरून दे. काम तेच असते. त्याचे फळ कोणाच्या पदरात पडले ते शेवटचे क्रियापद सांगते. 'घेणे'ला आणखी एक छटा आहे, पुढच्या कामाआधी उरकण्याची: 'जेवून घे, मग निघू'. म्हणून ते जर्मन सर्वनामाशी शब्दाला शब्द जुळणार नाही. पण विद्यार्थ्याच्या कानात क्रियेची दिशा आधीच बसलेली आहे, हे त्याला दाखवता येते.

ही दिशा या मातीत जुनी आहे. संस्कृतात परस्मैपद आणि आत्मनेपद असे दोन साचे होते. पाणिनीने सांगितले की काही धातूंच्या बाबतीत क्रियेचे फळ कर्त्याला मिळणार असेल तर आत्मनेपद वापरावे. दुसऱ्यासाठी यज्ञ करणारा ऋत्विज 'यजति', स्वतःच्या फळासाठी करणारा यजमान 'यजते'. मराठीत तो साचा उरला नाही, पण त्याचे काम थांबले नाही. 'घेणे' आणि 'देणे' यांनी ते उचलले. दक्षिणेला सिरोंच्याकडे गेलात तर तेलुगू ऐकू येते. तिथे 'वंडु' म्हणजे रांधणे, आणि 'वंडुकोनु' म्हणजे स्वतःपुरते रांधून घेणे. त्यातला 'कोनु' एरवी विकत घेण्यासाठी वापरतात, आपल्या 'घेणे'सारखाच. कूळ वेगळे असलेल्या दोन भाषा शेजारी नांदून एकाच युक्तीवर याव्यात, हे मला व्याकरणातल्या सुंदर गोष्टींपैकी एक वाटते.

हे सगळे आज सांगण्याचे कारण आहे. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यात परिचारिकांसारख्या आरोग्यसेवेतल्या कामांचाही समावेश आहे. नर्सिंग झालेली एखादी मुलगी गोंदियातल्या देवरी किंवा सालेकसाहून तिकडे जायचे ठरवील, तेव्हा दिनचर्येचा धडा तिच्यासाठी पुस्तकी राहणार नाही. जर्मनीत 1995 पासून शुश्रूषेचा सक्तीचा विमा आहे. 2017 पासून त्यात गरजेच्या पाच श्रेण्या आहेत. श्रेणी ठरवताना सर्वांत जास्त, 40 टक्के, वजन स्वतःची देखभाल या भागाला असते. छाती-पोट स्वतः धुता येते का, केस विंचरता येतात का, वरचे कपडे घालता-काढता येतात का, पेल्यात पाणी ओतून घेता येते का. प्रत्येक गोष्टीला चार पायऱ्या: पूर्ण स्वावलंबी, बहुतांशी स्वावलंबी, बहुतांशी परावलंबी, पूर्ण परावलंबी. मोनिका क्रोविंकेल यांनी जर्मन शुश्रूषेसाठी मांडलेल्या आराखड्यात तर हलणे, अंगाची निगा राखणे, कपडे घालणे यांची नावेच आत्मवाचक क्रियापदांत आहेत, प्रत्येकापुढे 'झिश' हे सर्वनाम. ते सर्वनाम गळले किंवा चुकीचे पडले, तर म्हाताऱ्याने स्वतः तोंड धुतले की परिचारिकेने धुऊन दिले, हे नोंदवहीत उलटे होऊ शकते. इथे व्याकरणाची चूक माणसाच्या हक्काला लागते.

म्हणून मला 'मी सहाला उठतो, मी दात घासतो' अशी एकट्या माणसाची दिनचर्या अपुरी वाटते. तशी दिनचर्या फार थोड्यांची असते. घरात लहान मूल असते, आजारी माणूस असते, आणि सकाळ घेण्या-देण्यात विभागलेली असते. गोंदिया जिल्ह्यातल्या मुलांना तर हे सांगायला भाषांची कमतरता नाही. घरी कोणी पोवारी बोलते, कोणी गोंडी, कोणी झाडीबोली; बाजारात हिंदी, शाळेत पुस्तकातली मराठी. एकच सकाळ दोन-तीन बोलींत सांगणारे मूल वर्गात बसलेले असते आणि आपण त्याला 'स्वतःला धुतो' लिहायला लावतो. त्याच्या घरची बोली वर्गात चुकीची म्हणून पुसली जाते, तेव्हा पुढच्या भाषेचे दारच आपण अर्धे लावून घेतो.

त्यापेक्षा त्याला आजीची सकाळ सांगायला लावावी, आधी घरच्या बोलीत आणि मग शिकायच्या भाषेत. आजी स्वतः उठते की तिला उठवून बसवतात? तोंड ती धुते, पण पाणी कोण काढून देते? लुगडे नेसते की नेसवतात? चहा ओतून घेते, की हात थरथरतो म्हणून नात ओतून देते? आणि मागच्या पावसाळ्यात यातले काय काय ती आपले आपण करून घेत होती?