बारीक अंगकाठीचे समर्थन

इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर, लिआंग बुआ गुहेत, २००३ साली जेमतेम साडेतीन फूट उंचीच्या प्राचीन मानवाचे अवशेष निघाले. बेटावर खायला मोजके, मोठी शिकारी सस्तन जनावरे नाहीत. मग थोडक्यात भागणारा देहच टिकतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. नियम सरसकट नाही. मादागास्करमध्ये तीस ग्रॅमचा लेमूर झाला आणि एकेकाळचा गोरिलाएवढा लेमूरही तिथलाच. पण टंचाईशी देह आपोआप जुळवून घेतो, ही कल्पना मोठी सोयीची. नंदुरबारमधल्या पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालकांचे वजन वयाच्या मानाने कमी असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसले. त्यावर ‘आदिवासींची अंगकाठीच बारीक’ हे उत्तर तयार असते. सरदार सरोवराच्या पाण्याने तिथल्याच अक्कलकुवा-धडगावचे काही पाडे तर जवळपास बेटेच झाले आहेत. निसर्गात घडते ते तेवढ्यानेच रास्त ठरते का, हा खरा प्रश्न.

फ्लोरेसवर आज राहणाऱ्या बुटक्या लोकांमध्येही कमी उंचीच्या जनुकांची निवड झाल्याचे २०१८ मध्ये दिसून आले, हा आक्षेप खराच आहे. पण निवड होते म्हणजे काय होते? पिढ्यानपिढ्या कुणाची लेकरे जगतात, कुणाची जगत नाहीत. त्या हिशेबाला निसर्गाची संमती म्हणणे म्हणजे मेलेल्यांना मोजायचेच नाही असे ठरवणे. शिवाय नंदुरबारच्या सातपुड्यात असे काही घडल्याचा पुरावा कुठे आहे? अंगणवाडी सेविका बाळाच्या दंडाला पट्टी गुंडाळते. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरले की लाल रंग. तो लाल रंग वंश सांगत नाही, मृत्यूचा धोका सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची वाढमानके भारतासह सहा देशांतल्या मुलांवरून ठरली आणि पुरेसे अन्न व निगा मिळालेली ती मुले जवळपास सारखीच वाढली होती.

अधिक गंभीर आक्षेप पुण्यातूनच आला. सांख्यिकीतज्ज्ञ पां. वा. सुखात्मे यांचे म्हणणे असे, की एकाच माणसाची ऊर्जेची गरज बदलती असते आणि विशिष्ट मर्यादेत शरीर कमी आहारावरही अपाय न होता निभावते. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांनी त्यांच्याशी जाहीर वाद घातला. माझ्या मते सुखात्म्यांचा मुद्दा मर्यादेपुरता मान्य करावा. पण मर्यादेतले निभावणे वेगळे आणि ती ओलांडल्यावर खुंटणे वेगळे. स्वच्छ पाणी आणि शौचालयांवाचून खाल्लेले अंगी लागत नाही, हेही सुखात्मे तितक्याच आग्रहाने सांगत. बारीक अंगकाठीचा दाखला देणारे नेमके तेवढेच गाळतात.