नाव आणि ठाव

आमच्या घरच्या तुकोबांच्या गाथेत शेवटी अभंगांच्या पहिल्या चरणांची अकारविल्हे सूची आहे. आई तिच्यावरून बोट फिरवायची, आकडा सापडला की पानं उलटून अभंग काढायची आणि मगच म्हणायची. नुसती सूची वाचून तिनं गाथा कधी मिटली नाही.

पोस्टग्रेसचे डेटाबेस सांभाळताना मला ते बोट आठवतं. तिथला नेहमीचा इंडेक्स, म्हणजे तिथली सूची, बी-ट्री असतो. बायर आणि मॅक्राइट यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या रचनेचा वंशज. पानं ८ केबीची. मुळापासून निघायचं, किल्ली, म्हणजे शोधायचं मूल्य, ताडून पाहायची, खालच्या पानावर उतरायचं. शेवटची सगळी पानं मुळापासून सारख्याच अंतरावर, म्हणून कोट्यवधी ओळींतली एक चार-पाच पायऱ्यांत हाती लागते. पण त्या पानावर ओळ नसतेच. किल्ली असते आणि टेबलातला पत्ता. ओळ अजून जिवंत आहे की पुसली गेली, हे टेबलच सांगू शकतं.

किल्ली आणि ओळ यांचं हे नातं पाहून जुना प्रश्न आठवतो: नाम आणि ज्याचं ते नाम तो नामी, एकच का? संतांनी एकच मानलं. मला वाटतं, नामाशिवाय आपण जन्मभर पानं चाळत राहू. पण ते एकत्व पत्त्यापर्यंत चालत गेलेल्यालाच दिसतं.