देवाची करणी

आमच्या वस्तीत कोणी अकाली गेलं की म्हातारी माणसं म्हणायची, देवाची करणी. बाप चिडायचा. "करणीला हात असत्यात, पोरा. हात बघ." ते मला पटलं अमेरिकेतल्या एका मातीच्या धरणाबद्दल वाचताना.

पेनसिल्व्हानियातलं साउथ फोर्क धरण. सरकारनं कालव्याच्या पाण्यासाठी बांधलेलं, १८५३ साली पुरं झालेलं. पुढं कालवा निकामी झाला, मालक बदलले, तळातून पाणी सोडायचे लोखंडी नळ भंगारात गेले. १८७९ साली पिट्सबर्गच्या शेठ लोकांच्या क्लबनं ते घेतलं, होड्या फिरवायला, मासे धरायला. कार्नेगी, फ्रिक सभासद. नळ पुन्हा बसवलेच नाहीत. बग्ग्या जाव्यात म्हणून धरणाचा माथा उतरवला. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळ्या ठोकल्या. खाली १४ मैलांवर जॉन्सटाउन, लोखंडाच्या कारखान्याचं गाव. कारखान्याच्या इंजिनियरनं १८८० सालीच धोका कळवला होता. क्लबनं कळवलं, तुम्हाला भीती नाही.

३१ मे १८८९. मुसळधार पाऊस, जाळ्यांत अडकलेला कचरा, पाणी माथ्यावरून. दुपारी धरण गेलं. २२०९ माणसं मेली.

क्लबवर दावे झाले, एकही टिकला नाही. देवाची करणी!

अमेरिकेला हसू नका. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात तिवरे धरण फुटलं. तेही मातीचंच. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केलेल्या. मंत्र्यानं दोष दिला खेकड्यांना. तिथं देव, इथं खेकडा.

पण एक प्रश्न मला सोडत नाही. त्या शेठांनी कुणाला मारायचं ठरवलं नव्हतं. मग गुन्हा कसला? माझं म्हणणं, मासा त्यांच्या हिशेबात होता, त्याच्यासाठी जाळी होती. खालचं माणूस हिशेबातच नव्हतं. आमचा पाणवठा गावाच्या खालच्या अंगाला. वरच्यांनी धुतलेलं, खरकटं, सगळं आमच्याकडं वाहत यायचं. त्यांनीही मुद्दाम काही केलं नव्हतं म्हणे. ज्याला वर बसून पाणी अडवता येतं, त्यानं खाली कोण राहतं ते विचारायला नको?

पुढं कार्नेगीनं जॉन्सटाउनला वाचनालय बांधून दिलं. त्या इमारतीत आता त्याच पुराचं संग्रहालय आहे. मी फुकटच्या वाचनालयात शिकलेला माणूस. मी तिथला असतो तर आत गेलो असतो का? गेलो असतो. पुस्तकंही वाचली असती. पण दारावरचं देणगीदाराचं नाव वाचताना बाप आठवला असता. हात बघ.