डोळे कोणी आखले?

पेणच्या कारखान्यात गणपती ठरवताना आपण आधी डोळे बघतो. 'आखणी छान उतरलीय' म्हणतो आणि पाट देऊन येतो. आखणी कोणाच्या हातची, हे विचारायचं सुचत नाही. पाटीवर कारखानदाराचं नाव असतं, तेवढं पुरतं.

'शोले'तला (१९७५) जय रात्री माउथ ऑर्गन वाजवतो आणि समोर राधा दिवे मालवत जाते. ओठ अमिताभ बच्चनचे, श्वास भानू गुप्तांचा. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात ते गिटारही वाजवत. 'दोस्ती'त (१९६४) लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्यासाठी खुद्द बर्मन यांनी माउथ ऑर्गन वाजवला, हे आपण कौतुकाने सांगतो. ते नुसते वादकच राहिले असते तर सांगितलं असतं?

अमेरिकेतल्या ब्लूजवाल्यांनी या दहा भोकांच्या बाज्याचं सोनं केलं. सी पट्टीचा बाजा घेऊन ते जी पट्टीत वाजवतात; फुंकण्यापेक्षा श्वास आत ओढण्यावर भर, आणि ओढता ओढता जीभ-घशाच्या जोरावर सूर खाली वाकवायचा. आपल्या मींडेचा चुलतभाऊच. लिटल वॉल्टर शिकागोत मडी वॉटर्सच्या मागे वाजवायचा; १९५२ साली त्याची स्वतःच्या नावाची 'ज्यूक' ही धून गाजली. नॅशव्हिलच्या चार्ली मॅकॉयची हयात मुख्यतः इतरांच्या गाण्यांत वाजवण्यात गेली, तरी २००९ साली कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमने त्याला मानाने आत घेतलं.

नावाचं काय घेऊन बसलात, मजुरी वेळेवर मिळाली म्हणजे झालं, हे मलाही पूर्वी पटायचं. आता पटत नाही, ते कायद्यामुळे. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलावंताला रॉयल्टीचा हक्क दिला. पण चित्रपटात ज्याचं काम किरकोळ आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव कुठेच येत नाही, तो एका नैतिक हक्कापुरता सोडला तर 'कलावंत' धरला जात नाही. तरतूद गर्दीतल्या माणसांसाठी असेलही. पण मिनिटभराचा तुकडा वाजवणाऱ्याला किरकोळ ठरवायला कितीसा वेळ लागतो? नाव द्यायचा रिवाज नाही, आणि नाव नाही म्हणून हक्क डळमळीत.

गणपती निदान विरघळतो, शाडूचा असेल तर. 'शोले'तला तो तुकडा मात्र अजून वाजतोय. भानू गुप्ता २०१८ साली गेले.

यंदा पेणला पाट द्यायला याल, तेव्हा आखणी कोणाची, एवढं विचारून बघा.