बालरक्षक आणि बाप

तंजावूरच्या राजवाड्यापासून जवळच, शिवगंगा तलावाच्या काठी, १७७९ साली बांधलेले एक लहानसे चर्च आहे. त्यात लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराने घडविलेले संगमरवरी स्मारक आहे. मृत्युशय्येवर एक वृद्ध मिशनरी पडलेला आहे आणि मराठी राजा त्याचा हात हाती घेऊन उभा आहे. बाजूला शाळेतील मुलेही दिसतात. वृद्ध म्हणजे रेव्ह. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ आणि राजा म्हणजे दुसरे सरफोजी भोसले. हे स्मारक सरफोजीराजांनी स्वतः करवून घेतले. वाचकहो, हे शिल्प गुरुभक्तीचे सुंदर उदाहरण म्हणून आपण पाहतो आणि पुढे जातो. पण त्यात एक अवघड प्रश्न दडलेला आहे. राजा अखेरपर्यंत हिंदूच राहिला. मग श्वार्ट्झसाहेबांचे काम फसले काय?

आधी हकीकत पाहू. १७८७ साली मरणासन्न तुळजाराजांनी दहा वर्षांच्या दत्तक सरफोजींना श्वार्ट्झ यांच्या हाती सोपविले. राजाच्या मुलाचे पालकत्व परदेशी पाळकाने घेणे त्यांना प्रशस्त वाटेना. म्हणून राजबंधू अमरसिंह यांनीच ते घ्यावे, असा सल्ला त्यांनी दिला. पुढे दत्तकविधानच अमान्य ठरवून अमरसिंह गादीवर बसले आणि मुलाची आबाळ झाली. त्याला जवळजवळ कोंडून ठेवले, शिक्षणही मिळेना. तेव्हा श्वार्ट्झ यांनी मद्रासच्या सरकारकडे पुनःपुन्हा दाद मागितली. अखेर १७९३ साली मुलाला मद्रासला हलविले आणि तेथे रेव्ह. गेरिके यांच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण झाले. दरबाराशी बोलता यावे म्हणून श्वार्ट्झ मराठी शिकले होते, ही गोष्ट आपल्याला विशेष जिव्हाळ्याची वाटावी.

या मुलावर त्यांची केवढी सत्ता होती, याचा विचार करा! अन्न, संरक्षण, विद्या, गादीची आशा, सारे काही अंशी त्यांच्या शब्दावर अवलंबून होते. आपल्या बोर्डिंगांतील मुलाची स्थिती याहून फार निराळी नाही. आईबाप दूर गावी; ताटातला भात, फी, आजारपणातले औषध, सुटीला घरी जाण्याची परवानगी, सर्व वॉर्डनसाहेबांच्या किंवा बाईंच्या हाती. असे मूल जेव्हा ‘हो’ म्हणते, तेव्हा ते कशाला ‘हो’ म्हणते? प्रभूला, की भाताला?

पौलाने नियमशास्त्राला बालरक्षक म्हटले आहे (गलती. ३:२४). मूळ ग्रीक शब्द पैदागोगोस. भाषांतरकाराला हा शब्द फार छळतो, कारण तो गृहस्थ शिक्षक नव्हे. तो घरचा विश्वासू दास. मुलाला शाळेत पोहोचवायचे, परत आणायचे, वळण लावायचे आणि मुलगा वयात आला की बाजूला व्हायचे. बाजूला होणे हा त्याच्या कामाचाच भाग आहे. करिंथकरांस लिहिताना पौल तोच शब्द पुन्हा वापरतो आणि असे रक्षक पुष्कळ असले तरी आपण बाप आहोत असे सांगतो (१ करिंथ. ४:१५). वसतिगृह चालविणाऱ्याला हे वचन प्रिय असते. परंतु पौल ज्यांना लेकरे म्हणतो ते त्याच्या अन्नावर जगत नव्हते. उलट आपला भार त्यांच्यावर पडू नये म्हणून तो जपत असे.

याचा अर्थ आपला विश्वास झाकून ठेवावा असा मुळीच नाही. श्वार्ट्झ यांनी तो झाकला नाही. अखेरच्या भेटीतही त्यांनी आपल्या अंतःकरणातील इच्छा राजाला उघड सांगितली. मात्र तिचा सौदा केला नाही. १७९८ च्या फेब्रुवारीत ते वारले, तेव्हा गादी अजून सरफोजींच्या हाती आलेली नव्हती. ती त्याच वर्षी मिळाली आणि १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. ज्या सत्तेकडे दाद मागून मूल वाचविले, तिनेच त्याचे राज्य घेतले, हेही आपण विसरू नये.

पुण्यात १८९३ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर याच प्रश्नावरून वादळ उठले. आपल्या खोलीचे दार उघडे ठेवून त्या प्रार्थना करीत, मुली येऊन बसत. सल्लागार मंडळाने राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली नेल्या. दार लावून घेण्यास बाईंनी नकार दिला, तो मला योग्यच वाटतो. पण जी मुलगी त्या दाराशी कधीच आली नाही, तिच्या ताटात काही कमी पडत होते काय, हा खरा प्रश्न आहे. आणि सदनात आपापल्या धर्माप्रमाणे वागण्याची मुलींना मोकळीक होती, हे त्याचे उत्तर आहे.

सरफोजीराजे पुढे काशीयात्रेला गेले, बृहदीश्वराच्या मंदिरात त्यांनी भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला, सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले. ओरत्तनाडूच्या त्यांच्या छत्रात विद्यार्थ्यांना राहण्याजेवण्याची आणि शिकण्याची सोय होती. गरीब ख्रिस्ती मुलांच्या पालनपोषणाचीही व्यवस्था त्यांनी केली. लहानपणी परधर्मी माणसाने जे दिले, ते त्यांनी परधर्मी मुलांना दिले.

म्हणून माझी एक सूचना आहे. ती काहींना रुचणार नाही. अन्य धर्माचे बोर्डिंगमधील मूल बाप्तिस्मा मागते, तेव्हा त्याला मनापासून शिकवावे, त्याच्यासाठी प्रार्थना करावी आणि थांबावे. त्याने दहावी करावी, आपले ताट सोडून जावे, स्वतःच्या कमाईचे किंवा घरचे जेवावे. मग दोन-चार वर्षांनी, कोणी बोलाविले नसता, तो तरुण फाटकाशी आला, तर पाळकांना बोलवावे. आणि नुसताच भेटायला आला, तर चहा ठेवावा.